जुनी बंदूक, नवी बंदूक आणि गरजेचे गणित

कॅनडाच्या उत्तरेस, वर्षातील बहुतेक महिने हिमाच्छादित असणाऱ्या मुलखात, ‘कॅनेडियन रेंजर्स’ हे राखीव दल १९४७ पासून पहारा करीत आहे. सुमारे पाच हजारांच्या या दलात, विशेषतः उत्तरेकडे, इन्युइट आदी मूलनिवासी स्त्रीपुरुषांचा मोठा भरणा आहे. शत्रूशी लढणे हे त्यांचे काम नव्हे; निर्मनुष्य प्रदेशावर नजर ठेवणे, वाट चुकलेल्यांचा शोध घेणे आणि प्रसंगी ध्रुवीय अस्वलापासून सोबत्यांचे रक्षण करणे, हे त्यांचे काम. अशा माणसाच्या खांद्यावर कोणती बंदूक असावी, हा प्रश्न वरकरणी लष्करी वाटेल. वस्तुतः तो निवडीचा, म्हणजेच अर्थशास्त्राचा प्रश्न आहे.

या दलाजवळ सुमारे सात दशके ली-एनफील्ड रायफल होती. आपल्याकडील पोलिसांच्या खांद्यावर पिढ्यान्‌पिढ्या दिसलेली ‘थ्री नॉट थ्री’ याच कुळातील. प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट मागेपुढे करावा लागणारे हे शस्त्र स्वयंचलित यंत्रांच्या युगात कालबाह्यच म्हणावयाचे. परंतु हाडे गोठविणाऱ्या थंडीत वंगण घट्ट होते, यंत्रात बर्फ साचते आणि आपोआप चालणारी यंत्रणा अडखळण्याचा धोका वाढतो. हाताच्या जोरावर चालणारा बोल्ट तेथेही चालत राहतो. शहरात जे वैगुण्य, तेच रानात गुण ठरते.

मग २०१८ पासून ही रायफल बदलण्यास प्रारंभ का झाला? ती निकामी ठरली म्हणून नव्हे. तिचे उत्पादन कित्येक दशकांपूर्वी थांबल्यामुळे सुटे भाग दुर्मीळ झाले म्हणून. साधनाचे आयुष्य केवळ त्याच्या पोलादावर अवलंबून नसते, ते पुरवठ्याच्या साखळीवरही अवलंबून असते. लक्षणीय गोष्ट अशी, की फिनलंडच्या टिक्का रायफलीवर आधारलेली नवी ‘सी-१९’ हीदेखील हाताने बोल्ट ओढण्याचीच आहे. जाड हातमोजे घालूनही ती चालविता येते. २०१५ मध्ये तिचे नमुने प्रथम रेंजर्सच्याच हाती देण्यात आले आणि त्यांच्या सूचनांनुसार त्यांत फेरबदल झाले.

वजनाचा हिशेबही असाच. ‘पॉइंट टू-टू’ रायफलीची काडतुसे स्वस्त व हलकी. शेकड्यांनी बाळगावीत आणि ससे-पक्षी मारून दिवस काढावेत. परंतु अस्वल समोर उभे राहिले, तर ही सारी काटकसर व्यर्थ. मोठ्या काडतुसाचे ओझे वाहण्यात जो खर्च होतो, तो त्या एका क्षणाचा विमा होय. दोन्ही हेतू एकाच बंदुकीत पुरेपूर साधत नाहीत. म्हणून कोणता धोका सर्वांत महाग पडेल, हे आधी ठरवावे लागते.

या न्यायाची दुसरी बाजू मुंबईने रक्त सांडून अनुभवली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर एके-४७ घेऊन आलेल्या अतिरेक्यांसमोर आपले पोलीस लाठ्या व ‘थ्री नॉट थ्री’ घेऊन उभे होते. त्यांच्या धैर्यात उणेपणा नव्हता. हातातील साधन त्या प्रसंगासाठी नव्हते. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर या रायफलीला २०२० च्या प्रजासत्ताकदिनी निरोप दिला.

एकाच कुळातील रायफल एका ठिकाणी विश्वासू सोबतीण आणि दुसरीकडे घातक उणीव ठरली. तेव्हा ‘उत्तम कोणते?’ हा प्रश्नच अपुरा आहे. कोणासाठी, कोणत्या कठीण घडीसाठी आणि दहा वर्षांनी तिचे सुटे भाग कोण पुरविणार, हे विचारल्यावाचून तो पूर्ण होत नाही. सरकारी खरेदी बंदुकीची असो वा शाळेतील संगणकाची, निविदेतील सर्वांत कमी किंमत या तीन प्रश्नांचे उत्तर देत नाही. ते उत्तर वस्तू वापरणाऱ्याजवळ असते, आणि आपल्याकडे त्यालाच विचारण्याची पद्धत अद्याप रुजलेली नाही.