रोगाच्या नावासाठी मुंबईची वाट

मालवण किनाऱ्यावर पावसाळ्यात ताप आला की प्रथम लेप्टोची शंका घेतली जाते, आणि ती रास्तच आहे. चेहरा पांढरा पडला तर लोहाच्या गोळ्या दिल्या जातात. पुष्कळांना त्यांनी गुणही येतो. परंतु गोळ्यांना न जुमानणारा रक्तक्षय, हिरड्यांतून वाहणारे रक्त, घटलेल्या प्लेटलेट्स यांच्या मुळाशी क्वचित अस्थिमज्जेचा कर्करोगही असतो. तो दुर्मिळ, म्हणूनच त्याची आठवण उशिरा होते.

‘रक्ताचा कॅन्सर’ एवढे मोघम निदान येथे उपयोगाचे नाही. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियात इमॅटिनिब या २००१ साली मान्यता मिळालेल्या औषधाच्या रोजच्या गोळीवर रुग्ण वर्षानुवर्षे कामधंदा करू शकतो. उलट, प्रोमायलोसायटिक ल्युकेमियात रक्तस्रावाने काही दिवसांतच प्राण जाऊ शकतो. मात्र वेळीच योग्य औषध मिळाल्यास हाच रोग बहुतेकांत बरा होतो. म्हणूनच त्याचे उपचार जनुकीय अहवालाची वाट न पाहता, संशयावरच सुरू करावे लागतात. हा संशय येतो तो सूक्ष्मदर्शकाखालील रक्ताच्या काचेवरून.

अंतिम नामकरण ही अवघड बाब आहे, हे खरे. १९७६ च्या वर्गीकरणात मज्जेतील अपक्व पेशी ३० टक्के झाल्या की तीव्र ल्युकेमिया मानला जाई. २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ही मर्यादा २० टक्क्यांवर आणली. २०२२ साली तर दोन निरनिराळी वर्गीकरणे प्रसिद्ध झाली, आणि १० ते १९ टक्क्यांच्या सीमेवरील रुग्णाच्या नावाबाबत त्यांचे एकमत नाही. असा निवाडा परळच्या टाटा रुग्णालयासारख्या केंद्रातच व्हावा.

परंतु त्यासाठी प्रत्येक संशयिताने परळ गाठून नातलगांच्या खोलीत दिवस काढावेत काय? मच्छीमाराचा हंगाम बुडतो, शिक्षकाची रजा संपते, आणि रोग थांबत नाही. सिंधुदुर्गनगरीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. संशयित रुग्णाची रक्ताची काच त्याच दिवशी तेथील जाणकाराने पाहावी, कमरेच्या हाडातून मज्जा काढण्याची नित्य सोय असावी, आणि योग्य नळीत भरलेला नमुना रात्रीच्या गाडीने मुंबईस रवाना व्हावा. प्रवास नमुन्याने करावा. रुग्णाने तो नाव निश्चित झाल्यावर आणि गरज असेल तरच करावा. ही मागणी अवास्तव खचितच नाही.