अब्बांना बर्फ पाहायचा आहे

माझे सासरे, आमचे अब्बा, तरुणपणी भाऊच्या धक्क्यावर बर्फाच्या लाद्या ओढायचे. पहाटे ट्रकमधून लाद्या उतरवायच्या, आकड्याने ओढत नेऊन फोडायच्या आणि मच्छीच्या बोटींत भरायच्या. आता त्यांनी सत्तरी ओलांडली आहे. हजचं कर्ज अल्लाहच्या कृपेने उतरलं, नातवंडं झाली, आता म्हणतात, "बेटा, कारखान्यात न बनलेल्या बर्फाला एकदा हात लावायचाय."

२०२५ च्या मे महिन्याची काश्मीरची तिकिटं काढली होती. एप्रिलमध्ये पहलगामला हल्ला झाला, तिथली बरीच पर्यटनस्थळं बंद झाली आणि आम्ही तिकिटं रद्द केली. पुढे ती ठिकाणं टप्प्याटप्प्याने उघडत गेली. आता पुन्हा मे महिन्याचा विचार आहे, इन्शाअल्लाह. यावेळी मात्र निघायच्या आठवड्यात तिथे प्रवेश चालू आहे ना, हे विचारूनच सामान बांधायचं.

जायचंय ते थाजीवासला. श्रीनगरहून सुमारे ८० किलोमीटरवर सोनमर्ग आहे, तिथून साधारण ३ किलोमीटर चालत किंवा घोड्यावर. जानेवारी २०२५ मध्ये गगनगीर ते सोनमर्ग हा साडेसहा किलोमीटरचा बोगदा सुरू झाला, त्यामुळे गाडीरस्त्याची काळजी कमी झाली. काळजी आहे ती उंचीची. आमचं हमरापूर खाडीकाठचं, आणि सोनमर्ग सुमारे २,७०० मीटरवर. तिथे हवेचा दाब आपल्याकडच्या पाऊणपटीपेक्षाही थोडा कमी असतो. म्हणजे प्रत्येक श्वासाबरोबर प्राणवायू तेवढाच कमी. अब्बांना ब्लडप्रेशर आहे. डॉक्टरांनी नको म्हटलं नाही, पण आधी श्रीनगरला दोन रात्री काढा, गोळ्या चुकवू नका आणि घाई करू नका, असं बजावलं. डोकं दुखून उलटी झाली किंवा बसल्या जागी धाप लागली, तर थांबून वाट पाहायची नाही, लगेच खाली उतरायचं.

सरावासाठी मागच्या रविवारी पेणजवळच्या सांकशीला गेलो. पायथ्याच्या बद्रुद्दीन दर्ग्यात फातिहा पढून किल्ल्याच्या वाटेला लागलो. वरचा कातळाचा टप्पा हात टेकून चढायचा आहे, तिथे जायचंच नव्हतं. अब्बा दर दहा मिनिटांनी बसत. मुलगा पुढे पळे, परत येई आणि "अजून किती वेळ?" म्हणे. मी शाळेत मुलांच्या सहली नेते, तरी त्या दिवशी माझी चूक झाली. उन्हाच्या भरात अब्बांच्या पाण्याची बाटली मुलाच्या पाठीवर, आणि मुलगा दोन वळणं पुढे! तेव्हापासून ठरलं, अब्बांचं पाणी आणि गोळ्या अब्बांच्याच खिशात, आणि सगळ्यात पुढे चालणार तेही अब्बाच.

घरी आल्यावर धाकटीने चार्टपेपरवर दिवस मांडला, तोही शेवटाकडून सुरुवातीकडे. डोंगरात दुपारनंतर हवा फिरते, पाऊस येतो. म्हणून १२ वाजता, जिथे असू तिथून परत. २ पर्यंत सोनमर्ग, तिथेच जोहर; मुसाफिराला कसर आहे. त्याआधी चालायला अडीच तास, म्हणून सोनमर्गला ९ पर्यंत पोचायचं आणि श्रीनगरहून सहाला निघायचं. घोड्याचा भाव आधी दरफलकावर बघायचा, मग येण्याजाण्याचा मिळून बोलायचा. अब्बा जाताना घोड्यावर बसतील. परतताना चालू म्हणाले तरी घोडा सोडायचा नाही.

मुलांना आणखी एक गोष्ट समजावावी लागली. वर्षानुवर्षं साचलेला बर्फ आपल्याच वजनाने दबून घट्ट होतो आणि हळूहळू उताराने सरकतो, ती हिमनदी. ती वर कड्यांना बिलगलेली. खाली मे महिन्यात पायाशी लागतो तो बहुतेक हिवाळ्यात घसरून आलेला बर्फ. त्याच्या खालून नाला वाहतो आणि आतून बर्फ पोकळ करत जातो. वरून पांढरी पक्की फरशी दिसते. खालून पाण्याचा आवाज आला की त्यावर पाय ठेवायचा नाही, मग पलीकडे फोटो कितीही छान येवो. काळे चष्मे मात्र सगळ्यांना हवेत, बर्फावरून उलटलेलं ऊन डोळ्यांना फार लागतं. बूट आणि लांब कोट तिथे भाड्याने मिळतात. फरसाणापेक्षा खजूर आणि उकडलेली अंडी बरी.

मुलाचा प्रश्न अजून मिटलेला नाही. "बारा वाजले आणि बर्फ शंभर पावलांवर असला तर?" मी म्हटलं, तरी परत. तो म्हणाला, "मग मी पळत जाऊन थर्मासमध्ये भरून आणतो, अब्बा बसल्या जागी हात लावतील."

अब्बा वर्तमानपत्र वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "डब्यातला बर्फ मी धक्क्यावर रोज पाहिलाय. गाठता आला नाही, तर लांबूनच बघेन."