भरलेले शेत आणि उपाशी जीव

शेत हिरवेगार असले की त्यावर जगणाऱ्या पशुपक्ष्यांची चंगळच असणार, असा आपला एक सोयीस्कर समज आहे. फ्रान्सच्या पूर्व सीमेवरील आल्सास प्रांताने तो खोटा ठरविला आहे. तेथील सुपीक मैदानात बिळे करून राहणारा, गालांच्या पिशव्यांत धान्य भरून नेणारा युरोपीय हॅमस्टर हा छोटा प्राणी एके काळी पिकांचा शत्रू म्हणून मारला जाई. २०२० साली मात्र आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाला त्याची गणना अतिसंकटग्रस्त प्राण्यांत करावी लागली. त्याच्या ऱ्हासामागे एकच कारण आहे असे नव्हे. परंतु त्यांतील एक विशेष विचार करण्याजोगे आहे.

पूर्वी या शेतांत गहू, लसूणघास आणि इतर अनेक पिके शेजारीशेजारी असत. पुढे मैलोन्‌मैल मकाच उभा राहू लागला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात स्ट्रासबर्गच्या संशोधकांनी काही माद्यांना गव्हावर, तर काहींना मक्यावर ठेवले. जोडीला थोडा इतर चारा दिला. गहू खाणाऱ्या माद्यांच्या पिल्लांपैकी सुमारे चार-पंचमांश जगली. मका खाणाऱ्या माद्यांची जेमतेम पाच टक्के जगली; बाकीच्यांपैकी बहुतेकांना मातांनीच खाऊन टाकले. या माद्यांना पिल्ले कमी होत नव्हती, आणि मक्यातून मिळणारी ऊर्जाही अपुरी नव्हती. उणीव होती ती नायसिन या 'ब' गटातील जीवनसत्त्वाची. तेवढे आहारात मिसळताच मातांचे हे भीषण वर्तन थांबले.

माणसाच्या इतिहासात हे दुखणे नवे नाही. केवळ मक्यावर गुजराण करणाऱ्यांना होणारा पेलाग्रा तो हाच. त्यात कातडी काळवंडते, हगवण लागते आणि अखेर बुद्धिभ्रंश होतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत या रोगाने थैमान घातले, तेव्हा तो संसर्गाचा नसून निकृष्ट आहाराचा आहे, हे डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी दाखवून दिले. मक्यातील नायसिन शरीराला सहजी मिळत नाही. मेक्सिकोतील लोक मका चुन्याच्या पाण्यात शिजवीत आणि या संकटातून वाचत. आपल्या दख्खनेतही ज्वारीवरच भिस्त असलेल्या गरिबांत पेलाग्रा आढळला. १९६० साली हैदराबादच्या गोपालन आणि श्रीकांतिया यांनी त्याचा संबंध ज्वारीतील ल्यूसिनच्या अधिक प्रमाणाशी जोडला होता. दोष ज्वारीचा अथवा मक्याचा नव्हे. सोबतीला डाळ, भाजी, दूध नसण्याचा आहे.

पण माणूस चुना वापरू शकतो, डाळ विकत घेऊ शकतो. बिळापासून फार दूर न जाणाऱ्या प्राण्याने काय करावे? त्याच्यापुरते शेत हेच ताट. ताटात एकच पदार्थ वाढला, तर पोट भरूनही तो उपाशीच राहणार.

याबद्दल शेतकऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे मात्र अन्यायाचे होईल. बाजार ज्याला भाव देतो, तेच तो पेरणार. हॅमस्टरच्या संरक्षणात कसूर केल्याबद्दल युरोपीय न्यायालयाने २०११ साली दोषी धरले ते फ्रान्सच्या शासनाला. गहू आणि लसूणघास यांचे क्षेत्र टिकवावे म्हणून शेतकऱ्यांना साहाय्य देण्याचे मार्गही तेथे अवलंबिले गेले, हे योग्यच झाले.

आपल्याकडे शेत आणि वन्यप्राणी यांचा विषय निघाला, की चर्चा नुकसानभरपाईपाशी सुरू होते आणि तेथेच संपते. ते नुकसान खरे आहे आणि त्याची भरपाई वेळेवर मिळालीच पाहिजे. परंतु ज्या शिवारात ज्वारीच्या पाट्यांमधून तूर, मूग, अंबाडी, तीळ डोलत असत, तेथे सलग सोयाबीन किंवा ऊस आला, तेव्हा त्या शिवारावर जगणाऱ्या ससा, तित्तर, हरिणांच्या आहाराचे काय झाले? आल्सासचे उत्तर जसेच्या तसे येथे लागू पडेल असे नाही. पण प्रश्न तरी विचारला पाहिजे. मिश्र पिकांना हमीभावाच्या घोषणेबरोबरच खरेदीची खात्री मिळाली, तर शेतकऱ्याचे ताट सुधारेल आणि बांधावरच्या मुक्या जिवांचेही. शेतात किती पिकते, याचा हिशेब आपण नेमाने ठेवतो. काय काय पिकते, याचाही ठेवावयास हवा.