मतपेटी लुटली गेली आणि बंदूक बोलू लागली : नायजर डेल्टाचा धडा

१/ २१ एप्रिल २००७. नायजेरियात राष्ट्राध्यक्षपदासाठी मतदान झाले. युरोपीय संघाच्या निरीक्षकांनी ही निवडणूक विश्वासार्ह मानली नाही. खुद्द विजयी उमेदवार उमारू यारअदुआ यांनीही शपथविधीच्या भाषणात तिच्यातील त्रुटी मान्य केल्या. त्याच काळात देशाच्या तेलपट्ट्यात, नायजर डेल्टात, अपहरणांचे सत्र सुरू होते.

२/ या हिंसाचाराचे खापर बहुधा 'तेलाच्या शापा'वर फोडले जाते. हे उत्तर सोपे आहे, पण अपुरे आहे. तेल जमिनीखाली होते. तरुणांच्या हाती बंदुका दिल्या त्या माणसांनी. त्यांतले काही तर मते मागणारेच होते.

३/ १९५६ मध्ये ओलोइबिरी या गावी तेल सापडले. स्वातंत्र्याच्या काळात खनिज उत्पन्नाचा निम्मा वाटा ते जिथून निघते त्या प्रदेशाला मिळत असे. लष्करी राजवटींत तो घसरत गेला. १९९९ च्या राज्यघटनेने किमान १३ टक्क्यांची हमी दिली. तोवर खाड्यांतील मासळी आणि शेतजमीन तेलगळतीने नासली होती.

४/ शांततेचा मार्ग कोणी चोखाळलाच नाही, असे नाही. लेखक केन सारो-विवा यांनी ओगोनी लोकांचे अहिंसक आंदोलन उभारले. १० नोव्हेंबर १९९५ रोजी लष्करी राजवटीने त्यांना आठ सहकाऱ्यांसह फासावर चढवले.

५/ १९९९ मध्ये लोकशाही परतली. २००३ च्या निवडणुकीत रिव्हर्स राज्यातील राजकारण्यांनी तरुणांच्या टोळ्यांना पैसा आणि शस्त्रे पुरवली. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने त्याची नोंद केली आहे. मतदान संपले, पैसा आटला. शस्त्रे मात्र टोळ्यांकडेच राहिली.

६/ २००४ मध्ये टोळीप्रमुख असारी-डोकुबो यांनी तेल कंपन्यांविरुद्ध युद्धाची धमकी दिली. कच्च्या तेलाचा भाव प्रथमच पिंपाला ५० डॉलरच्या वर गेला, त्यामागच्या कारणांत ही धमकीही होती. सरकारने त्यांना राजधानी अबुजात वाटाघाटींना बोलावले. लेखणीला फास आणि बंदुकीला आमंत्रण! डेल्टातील तरुणांनी यातून काय शिकावे?

७/ २००५ मध्ये असारींना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. पाठोपाठ 'मेंड' ही सशस्त्र संघटना पुढे आली. जानेवारी २००६ मध्ये तिने चार परदेशी तेल कर्मचारी पळवले. तिच्या मागण्यांत असारींबरोबर बायेल्साचे पदच्युत गव्हर्नर अलामियेसेघा यांच्याही सुटकेची मागणी होती. हे गव्हर्नर लंडनमधील आर्थिक गैरव्यवहाराच्या खटल्यातून पळून आलेले. मुक्तीची भाषा बोलणारे जनतेचा पैसा लुटल्याचा आरोप असलेल्याची सुटका मागत होते.

८/ २००७ च्या निवडणुकीनंतर अपहरण हा उघड धंदा झाला. आधी परदेशी कर्मचारी, मग राजकारण्यांचे नातलग, अखेर लहान मुलेही. पोर्ट हारकोर्ट परिसरातील पेट्रोरसायन प्रकल्पात काम करणारे भारतीयही त्यातून सुटले नाहीत.

९/ त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने रिव्हर्सचे गव्हर्नर म्हणून रोटिमी अमेची यांना बसवले. एप्रिलमधील मतदानात ते उमेदवारच नव्हते! पक्षाने त्यांची उमेदवारी बेकायदा डावलली होती आणि मत पक्षाला पडते, असा न्यायालयाचा तर्क होता. कायद्याच्या दृष्टीने तो योग्यही असेल. पण आपल्या मताने नेमके काय ठरले, हे मतदाराने कोणाला विचारायचे?

१०/ २००९ मध्ये सरकारने माफी योजना आणली. पहिल्या टप्प्यात २० हजारांहून अधिक जणांनी तिचा लाभ घेतला. त्यांना दरमहा ६५ हजार नायरा मिळू लागले. हल्ले कमी झाले, हे यश नाकारता येत नाही. परंतु ज्या कोळ्याने कधीच बंदूक उचलली नाही, त्याच्यासाठी या योजनेत काही नव्हते. २०११ च्या संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार ओगोनी प्रदेश पूर्ववत होण्यास २५ ते ३० वर्षे लागणार होती. २०१६ मध्ये 'अ‍ॅव्हेंजर्स' या नव्या गटाने तेलवाहिन्या पुन्हा उडवल्या.

११/ यातून अपहरणाचे समर्थन होत नाही. पळवलेला कामगार किंवा बालक कोणत्याही अन्यायाचे उत्तर असू शकत नाही. मात्र बंडखोरांना केवळ 'दहशतवादी' किंवा केवळ 'क्रांतिकारक' म्हणून मोकळे होणे, हाही इतिहासावर अन्यायच आहे. मतपेटी लुटण्यासाठी ज्यांनी टोळ्या पोसल्या, त्यांना पहिला प्रश्न विचारल्याशिवाय डेल्टाची कथा पूर्ण होत नाही.