कोपऱ्यातला तांबडा दिवा

दिवाळी म्हटली की दिव्यांचे कौतुक आलेच. मला मात्र बोलायचे आहे ते हल्ली बैठकीच्या कोपऱ्यात बारमाही लुकलुकणाऱ्या चार-पाच दिव्यांविषयी. त्यांच्या पेटीला राउटर म्हणतात. दिवे हिरवे असेतो त्यांच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. एखादा तांबडा झाला, की मंडळी पेटीकडे न पाहता एकमेकांकडेच रागाने पाहू लागतात!

इंटरनेट बंद पडले की घरोघर एकच औषध चालते: पेटी बंद करा, चालू करा. औषध वाईट नाही. वीज काढून अर्धा-एक मिनिट थांबावे, पुन्हा जोडून चार-पाच मिनिटे धीर धरावा. पुष्कळदा गुण येतो. पण एकदा देऊन गुण आला नाही, तर तीच मात्रा दहादा देऊन काय उपयोग? तेव्हा रोग ओळखायला हवा.

मी पडलो मराठीचा मास्तर. विद्यार्थ्याचे वाक्य बिघडले, तर आम्ही कर्ता, कर्म, क्रियापद असे एकेक पद तपासतो. चूक आपोआप हाती लागते. इथेही तीच रीत. बाहेरून येणारी तार, पेटी, घरात पसरणाऱ्या वायफायच्या लहरी, हातातला फोन आणि पलीकडचे संकेतस्थळ अशी ही पाच ठाणी. गाडी कोणत्या ठाण्यावर अडली, एवढेच शोधायचे.

आमच्या रेणापुरात रेणुकादेवीचे ठाणे. त्यामुळे नवरात्राआधीची झाडलोट इथे जोरात असते. अशाच एका झाडलोटीच्या दिवशी, रात्री नऊच्या सुमारास, शेजारचे गृहस्थ दारात आले. त्यांच्या मुलीला प्रवेशाचा पसंतीक्रम भरायचा होता आणि मुदत रात्री बारापर्यंत. "सर, आठ डाव बंद-चालू केलं, काहीच उपेग नाही बघा!" मुलगी रडवेली झालेली. लातूर जिल्ह्यातल्या घरात अशा अर्जाचे मोल काय, हे सांगायला नको. दोन वर्षांची शिकवणी आणि बापाच्या सोयाबीनचे पैसे त्या एका बटणावर टांगलेले असतात.

मी म्हटले, "आधी फोनचा हॉटस्पॉट लाव बाळ, अर्ज भरायला बस. पेटीचे आपण नंतर पाहू." काम आधी, दुरुस्ती मागाहून, हा पहिला नियम. मुलगी कामाला लागली. मग आम्ही दिवे पाहिले. 'एलओएस' या अक्षरांपाशी तांबडा दिवा लुकलुकत होता. याचा अर्थ, बाहेरून येणारा प्रकाश पेटीपर्यंत पोचतच नाही. अशा वेळी पेटी शंभरदा बंद-चालू केली तरी व्यर्थ. तारेचा माग काढीत गेलो, तो सकाळी सरकवलेल्या कपाटामागे ती काटकोनात चेपलेली! कपाट वीतभर पुढे ओढले, तार सैल केली. मिनिटाभरात तांबडा दिवा मावळला आणि शेजारचा हिरवा स्थिर झाला.

प्रकाश कसला, असे वाचक विचारतील. ही तार तांब्याची नव्हे. केसासारख्या बारीक काचतंतूची. पंजाबातल्या मोगा गावी जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानी यांनी लंडनमध्ये हॉपकिन्स यांच्यासह काचतंतूंच्या जुडीतून चित्र पाठवल्याचा लेख १९५४ साली प्रसिद्ध झाला. काच पुरेशी शुद्ध केली तर प्रकाश कित्येक कोस जाईल, हे १९६६ साली चार्ल्स काओ यांनी दाखवले. २००९ साली त्यांना नोबेल मिळाले. प्रकाश या तंतूच्या आतल्या आत परावर्तन पावत धावतो. तंतू एकदम मुडपला की तो वळणावरच बाहेर निसटतो. म्हणून ही तार खिळ्याला गुंडाळू नये, दारात चेपू नये, आणि तिच्या टोकात डोळा लावून पाहू तर मुळीच नये. तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण अपाय करू शकतो.

आता दुसरी बाजू. दिवे सारे ठीक, तरी फोनवर काही उघडत नाही. मग घरातला दुसरा फोन पाहावा. तो चालत असेल तर दोष पहिल्या फोनचा. दोन्ही अडले तर संगणक तारेने पेटीला जोडावा. तारेने चालले, तर दोष वायफायचा. आमच्याकडच्या जुन्या माळवदाच्या घरांत दगडमातीच्या हातभर जाड भिंती. त्यांतून लहर जाता जाता थकते. दोन नावांचे वायफाय दिसत असेल, तर ५ गिगाहर्ट्झचे वेगवान पण भिंतीला बिचकणारे, २.४ चे मंद पण लांब पोचणारे. पेटी उंचावर, घराच्या मध्यभागी ठेवावी. लोखंडी कपाटात कोंडू नये. एकच संकेतस्थळ उघडत नसेल, तर दोष बहुधा त्यांचाच; आपली पेटी निरपराध.

पेटीच्या पाठीवरच्या बारीक छिद्रात मात्र टाचणी खुपसू नये. त्याने पेटीतल्या साऱ्या नोंदी पुसल्या जातात आणि सोपे दुखणे अवघड होते.

इतके करूनही भागले नाही, तर तक्रार करावी. पण "नेट गेलं" एवढेच न सांगता "नऊ वाजल्यापासून एलओएस तांबडा आहे, तार आतून तपासली आहे" असे सांगावे. मग "पुन्हा चालू करून पाहा" या उत्तरावर बोळवण करणे पलीकडच्या माणसाला अवघड जाते. तक्रारीचा क्रमांक मागून टिपून ठेवावा. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या नियमांनी तो ग्राहकाला दिला पाहिजे, आणि निवारण झाले नाही तर अपिलाची सोयही आहे.

तेव्हा या दिवाळीत धूळ झटकताना ती बारीक तार जपा, आणि घरातल्या मुलींना, आजोबांनाही ते दिवे ओळखायला शिकवा. बिघाड रात्री नऊला होतो, दुरुस्तीचा माणूस सकाळी दहाला येतो. मधले तेरा तास आपले आपणच निभावायचे असतात.