लिटरामागें किती किलोमीटर?

नवी मोटार दारांत उभी राहिली कीं शेजारी पहिला प्रश्न विचारतात, "ॲव्हरेज किती देते?" मालकही तत्काळ एक आंकडा सांगतो. तो त्यानें स्वतः काढिलेला आहे काय, असें पुढें कोणी विचारीत नाहीं. बहुधा तो जाहिरातींत वाचिलेला किंवा विक्रेत्याच्या तोंडून ऐकिलेला असतो. ज्या गोष्टीवर कुटुंबाचा पैसा दरमहा खर्च होतो, तिचा हिशेब दुसऱ्याच्या शब्दावर सोंपविणें सुशिक्षितांस शोभत नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे. आणि ज्या विद्यार्थ्यास त्रैराशिक येतें, त्यास तर मुळींच शोभत नाहीं.

जाहिरातींतील आंकडा खोटा असतो, असें आम्ही म्हणत नाहीं. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या १९६६ सालीं स्थापन झालेल्या संस्थेसारख्या ठिकाणीं मोटार जागच्या जागीं फिरणाऱ्या रुळांवर ठराविक क्रमानें चालवून तिचें पेट्रोल मोजितात. सर्व मोटारींची तुलना एकाच मापानें व्हावी, हा त्या चांचणीचा हेतु, आणि तो योग्यच आहे. परंतु त्या रुळांवर खड्डे नाहींत, खंबाटकीचा घाट नाहीं, व टपावर लग्नाचें सामानही नाहीं. परीक्षेंतील गुण आणि संसारांतील वर्तन यांत जें अंतर असतें, तेंच येथेंही असावयाचें.

खरा आंकडा काढण्याची रीत सोपी आहे. पंपाची नळी आपोआप बंद पडेपर्यंत टाकी भरावी व मोटारीच्या मापकावरील किलोमीटर वहींत टिपावे. पुढें तीनचारशें किलोमीटर नेहमींप्रमाणें फिरून, होतां होईल तों त्याच पंपावर, पुन्हा तशीच टाकी भरावी. या दुसऱ्या वेळीं जितके लिटर मावले, तितकेच मधल्या प्रवासांत जळाले. ४५० किलोमीटर झाले व ३० लिटर मावले, तर लिटरास १५ किलोमीटर. एकाच खेपेवर न थांबतां चारपांच खेपांची बेरीज घ्यावी.

आतां या 'ॲव्हरेज' शब्दांतच एक गोम आहे. समजा, ६० किलोमीटर चढावर मोटारीनें लिटरास १० किलोमीटर दिले व परततांना तितक्याच उतारावर २० दिले. सरासरी किती? वर्गांत हा प्रश्न घातला असतां बहुतेक हात "पंधरा" म्हणून वर होतात. परंतु जातांना ६ लिटर व येतांना ३, मिळून ९ लिटर जळाले. १२० ला ९ नें भागिलें असतां १३⅓ येतात. पंधराच्या भरंवशावर ८ लिटर घेऊन निघालेला गृहस्थ उरलेल्या एका लिटरासाठीं रस्त्यावर उभा राहील. म्हणून निरनिराळ्या आंकड्यांची सरासरी काढूं नये. एकूण अंतरास एकूण लिटरांनीं भागावें. युरोपांतील पुष्कळ देशांत १०० किलोमीटरांस किती लिटर लागले, असें मोजण्याची चाल आहे. ती आम्हांस अधिक समंजस वाटते; कारण आपण पैसे लिटरांचे देतों, किलोमीटरांचे नव्हे.

सहलीचा खर्चही याच वाटेनें काढावा. पुण्याहून महाबळेश्वर सुमारें १२० किलोमीटर. जाऊन येऊन २४०. तेथील फिरणें ३० धरिलें तर २७०. लिटरास १५ प्रमाणें १८ लिटर लागतील. भाव १०० रुपये असल्यास १,८०० रुपये. १६ जून २०१७ पासून देशभर पेट्रोलचा भाव रोज ठरविण्याची पद्धति सुरू झाली; यास्तव लक्षांत रुपये न ठेवितां लिटर ठेवावे व त्या दिवसाच्या भावानें गुणावें. पथकर निराळा मांडावा. हा हिशेब निघण्यापूर्वीं सर्वांसमक्ष झाला पाहिजे. वर्गणी अंदाजानें ठरली कीं तूट कोणास तरी भरावी लागते, आणि ती बहुधा मुकाट्यानें देणाराच्याच माथीं बसते. ज्याच्या खिशांत वर्गणीपुरतेच पैसे आहेत, त्याची तर चारचौघांत फजिती होते.

ऐकीव आंकड्याहून ऐकीव युक्ती अधिक घातक होय. उतारावर इंजिन बंद करून मोटार सोडली कीं पेट्रोल वांचतें, असें सांगणारे चालक पुष्कळ आहेत. आजच्या बहुतेक मोटारींत गियर घातलेला असतां ॲक्सिलरेटरवरील पाय उचलला कीं उतारावर इंजिनाकडे जाणारें पेट्रोल आपोआप थांबतें. मग वांचावयाचें काय उरलें? उलट इंजिन बंद केलें कीं थोड्याच वेळांत ब्रेक कठीण होतो व स्टिअरिंग जड होतें. पसरणीच्या घाटांत चार रुपयांसाठीं पांच जिवांची बाजी लावणें, यास काटकसर कोण म्हणेल?

विद्यार्थिमित्रांनो, घरीं मोटार असो वा दुचाकी, तिच्यासाठीं एक लहान वही करा. तारीख, किलोमीटर, लिटर व भाव, एवढीं चार घरें आंखा आणि तीन महिने नेमानें भरा. मग वडिलांस आंकडा विचारूं नका. तुम्हींच तो त्यांस सांगा.