नकाराची तजवीज

निकालाच्या दिवशी किंवा अर्जाची मुदत संपण्याच्या सायंकाळी एखादे संकेतस्थळ निपचित पडले, की ‘सर्व्हरवर ताण आला’ एवढे निवेदन काढून संबंधित मंडळी मोकळी होतात आणि पाठोपाठ अधिक बलवान यंत्राच्या खरेदीचा प्रस्ताव दप्तरी दाखल होतो. ताण आला हे खरेच. परंतु ताणाखाली सर्व्हर मंद होणे निराळे, आणि तो ज्या संगणकावर चालतो तो संगणकच थिजून दुरुस्तीस धावलेल्या तंत्रज्ञालाही आत घेईनासा होणे निराळे. हा दुसरा प्रकार यंत्राच्या दुबळेपणापेक्षा बहुधा हिशेबाच्या अभावातून उद्भवतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

१९९५ पासून प्रचारात असलेल्या अपाचे या सर्व्हरचेच पाहा. त्याच्या ‘प्रीफोर्क’ या जुन्या पद्धतीत प्रत्येक जोडणीस एक स्वतंत्र प्रोसेस अडकून राहते, आणि कोणी हात लावला नाही तर अशा प्रोसेसची कमाल संख्या २५६ असते. पीएचपीचा भार वाहणारी एक प्रोसेस ४० एमबी मेमरी व्यापते असे धरले, तर सर्वांना मिळून १० जीबी लागतील. संगणकात मात्र आहेत ४ जीबी. मग लिनक्स ही संगणकाची कार्यप्रणाली मेमरीतील मजकूर डिस्कवरच्या स्वॅपमध्ये हलवू लागते, आणि लहान मेजावर बसवलेल्या कारकुनाने सारा दिवस रुमाल आणण्यात व परत ठेवण्यात घालवावा, तशी संगणकाची गत होते. संगणकशास्त्रज्ञ पीटर डेनिंग यांनी या अवस्थेची कारणमीमांसा १९६८ मध्येच करून ठेवली आहे.

अशा वेळी रीस्टार्टचा हुकूम सुटतो. पण रीस्टार्ट म्हणजे निवाडा नव्हे, केवळ तहकुबी. यंत्र आचके देत असतानाच ‘व्हीएमस्टॅट’ ही आज्ञा चालवून स्वॅपची आवकजावक दाखवणारे दोन रकाने पाहावेत: तेथे आकडे सतत मोठे आणि प्रोसेसर मात्र डिस्कची वाट पाहत बसलेला, असे आढळले की तुटवडा मेमरीचा आहे याची खातरजमा होते.

इलाज भागाकाराचा आहे. ४ जीबीपैकी १ जीबी इतर कामांस राखून उरलेल्यास ४० एमबीने भागले, तर सुमारे ७५ येतात. तीच प्रोसेसची कमाल मर्यादा म्हणून सर्व्हरच्या सेटिंगमध्ये लिहावी. यावर कोणी म्हणेल, मग शहात्तराव्या नागरिकाचा कसूर काय? त्याचा काहीच कसूर नाही, आणि म्हणूनच त्याला हाकलले जात नाही, रांगेत थांबवले जाते. प्रत्येक मागणीस अर्धा सेकंद लागला आणि जोडण्या विनाकारण अडवून ठेवल्या नाहीत, तर ७५ प्रोसेस सेकंदाला १५० मागण्या निकालात काढतात. रांगही भरून वाहू लागली, तर ‘थोड्या वेळाने यावे’ असे सांगणारे ५०३ क्रमांकाचे उत्तर सर्व्हरच्या पुढे बसवलेल्या यंत्रणेकडून देण्याची सोय करता येते. उलट, सर्वांना आत घेणारा सर्व्हर अखेरीस कोणाचेच काम करीत नाही.

म्हणून संकेतस्थळांच्या निविदांत यापुढे एक कलम सक्तीने असावे: एका वेळी किती मागण्या स्वीकारल्या जातील, ती संख्या कोणत्या मापनावरून ठरली, आणि त्यापलीकडच्या नागरिकास काय उत्तर मिळेल. ज्या कंत्राटदारापाशी याचे लेखी उत्तर नाही, त्याचे देयक मंजूर होऊ नये.